मापासाठी उभा केलेला माणूस

आमच्या घरात मेलेली माणसं दोरीवर वाळत असत. घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत एक दोरी कपड्यांची होती आणि एक फोटोंची, आणि आईचा नियम असा की पाहुणे आले तर कपडे काढायचे, फोटो राहू द्यायचे. बाबा फोटो रंगवत. स्टुडिओवाले कुणाच्या तरी आजोबांचा काळापांढरा फोटो मोठा करून, जाड खरबरीत कागदावर फिक्का छापून पाठवायचे आणि बाबा त्यावर तैलरंग चढवायचे. गालांना काडीवर गुंडाळलेला कापूस, भुवयांना चार केसांचा ब्रश. रंग वाळेपर्यंत आजोबा आमच्याकडे मुक्कामाला. माझा शाळेचा सगळा अभ्यास अशा आजोबांच्या समोर झाला. ते काही बोलत नसत, 'इंग्रजीत काहीतरी म्हणून दाखव' असंही सांगत नसत, आणि मला तेव्हा अशीच माणसं आवडायची.

घराला जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास होता. त्यात दुपारी कुळथाच्या पिठीचा आणि तळलेल्या बोंबलांचा वास मिसळला की नवीन माणूस दारातच थबके. आई म्हणायची, “वासावर जाऊ नका, आत या.” तिने एकदा चुकून बाबांच्या वाटीतलं तेल फोडणीला घेतलं होतं आणि आम्ही ती आमटी निमूट जेवलो होतो. बाबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली. त्यांना कामात असताना चव कळत नसे.

धंद्याचे काही नियम होते आणि ते बाबांनी कुठे लिहून ठेवलेले नव्हते. मिटलेले डोळे उघडायचे. फुटलेला चष्मा सांधायचा. गेल्यावर घाईने काढलेला फोटो असेल तर डोक्यामागची उशी पुसून तिथे आकाश द्यायचं. खांदे उघडे असतील तर कोट चढवायचा, आणि बाबांना कोट एकच येत असल्यामुळे निम्म्या घाटकोपरातले दिवंगत एकाच तपकिरी कोटात भिंतीवर बसलेले होते. एक बाई एकदा म्हणाल्या, “आमच्या ह्यांना कोट नको हो, उकडतं त्यांना.” दुसऱ्या म्हणाल्या, “जरा हसरे करा. घरात कधी हसले नाहीत, निदान आता.” बाबा सगळ्यांचं ऐकत. पण सगळ्यांत मोठा नियम त्यांचा स्वतःचा होता: माझ्याकडे आलेला माणूस चेहऱ्याशिवाय परत जात नाही. कितीही पुसट फोटो असो, वाळवी लागलेली असो, ते घरच्यांना बोलावून विचारत, मुलाचं नाक बघत, भावाची हनुवटी बघत आणि चेहरा उभा करत. आता माझी भाची फोनवर बोट फिरवून स्वतःच्या गालावरचे डाग घालवते तेव्हा मला वाटतं, बाबांनी हे चार दिवस घेऊन केलं असतं, आणि आधी तिच्या आईला बोलावून विचारलं असतं.

मी इंग्रजी शाळेत गेले तेही एका फोटोमुळेच. शाळेच्या संस्थापक मदरांचा फोटो रंगवायला आला होता. बाबांनी त्यांच्या गालांवर थोडा जास्तच गुलाबी दिला. प्रिन्सिपल सिस्टर बघून म्हणाल्या की मदर आयुष्यभर आजारी होत्या, पण आता किती बऱ्या दिसतात. पुढच्या जूनमध्ये मला प्रवेश मिळाला. त्यामुळे घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. विजेच्या बिलापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सगळं मी मोठ्याने वाचायचं आणि मराठीत सांगायचं. स्वतःचं म्हणून मी फारसं बोलत नसे, त्यामुळे माझ्या तोंडून निघणारं बहुतेक सगळं दुसऱ्या कुणाचं तरी असायचं. ते मला सोयीचं होतं.

मी कॉलेजात गेले त्या सुमाराला रंगीत फोटोंची दुकानं स्टेशनजवळ एकामागून एक उघडली, आणि दोरी रिकामी राहू लागली. बाबांच्या एका मित्राने अशाच दुकानात काउंटरवर पाकिटं देण्याचं काम देऊ केलं होतं. बाबा 'बघू' म्हणत आणि धुतलेले ब्रश पुन्हा धुवत. त्याच काळात मामा आमच्याकडे होता. आईचा धाकटा भाऊ, गिरणीत होता. संप सुरू झाल्यावर 'चार दिवस येतंय' म्हणून आला आणि आता त्या चार दिवसांचं दुसरं वर्ष चाललं होतं. सकाळी पेपर पहिल्या पानापासून टेंडर नोटिशींपर्यंत वाचायचा आणि दुपारी त्यातली बातमी बाबांना अशी सांगायचा की जणू ती त्याच्यासमोरच घडली. घरात दोन पुरुष बिनकामाचे बसले की भांडी जास्त वाजतात, हे आईचं निरीक्षण होतं, आणि वाजवत तीच होती.

अशा एका दुपारी गायकवाड गुरुजी आले. म्युनिसिपल शाळेतून निवृत्त झालेले, पांढराशुभ्र शर्ट, खिशाला पेन, बगलेत कागदांची मोठी गुंडाळी. “जय भीम,” म्हणाले. बाबा म्हणाले, “नमस्कार, या, बसा.” बसायला खाट होती, तिच्यावर मामा होता, तो उठला. आईने चहा आणला. गुरुजींनी कप घेण्याआधी बाकीच्या कपांवरून एकदा नजर फिरवली. ती नजर मला दिसली, आणि मला दिसली हे त्यांना दिसलं. कप सगळे सारखेच होते. एकाचाही कान धड नव्हता. गुरुजींनी चहा घेतला आणि गुंडाळी उलगडली.

त्यांच्या वस्तीत नवा विहार बांधून होत आला होता. बुद्धपौर्णिमेला उद्घाटन होतं आणि हॉलच्या भिंतींवर बारा चित्रं हवी होती. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कुणी इंग्रज अधिकारी भलामोठा कॅमेरा बैलगाडीत घालून लेण्यांमधून, स्तूपांमधून फिरले होते. त्यांचे फोटो गुरुजींनी एका ग्रंथालयात शोधून काढले, खटपट करून त्यांच्या मोठ्या प्रती करून घेतल्या. कान्हेरी, कार्ले, वेली चढलेला सांचीचा स्तूप, पडक्या अवस्थेतलं बोधगयेचं देऊळ. “हे तुम्ही हाताने रंगवायचे,” गुरुजी म्हणाले. “रोज दोनशे लोक बघतील. शोभेल असं काम करा. बाकी कमिटीचं पत्र येईल.”

ते गेल्यावर बाबा कितीतरी वेळ त्या प्रतींभोवती फिरत राहिले. “आजवर माझं सगळं काम हाराच्या मागे,” ते आईला म्हणाले. “घरातली चार माणसं बघणार, तीही तिथीला. हे हॉलमध्ये लागणार.” मग त्यांनी भिंग काढलं आणि पहिल्याच फोटोशी अडले. कान्हेरीच्या लेण्यात, बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्तीच्या पायाशी एक माणूस उभा होता. मुंडासं, धोतर, हातात काठी. चेहऱ्याच्या जागी मात्र एक करडा डाग. बारांपैकी नऊ फोटोंत असा कुणी ना कुणी होता आणि नऊही जणांना चेहरा नव्हता.

“बेबी, खाली काय लिहिलंय बघ. कोण हा?”

सोबत टाइप केलेला कागद होता. मी वाचून सांगितलं: अमुक लेणं, अमुक दिशेने. समोरचा माणूस मापासाठी उभा केला आहे.

“मापासाठी?” बाबा म्हणाले. “मग पट्टी ठेवायची. नाव काय त्याचं?”

“नाव नाही दिलेलं.”

“नाव नाही, तोंड नाही,” बाबा म्हणाले. “माणूस कशाला म्हणायचं मग?” आणि त्यांनी मामाकडे पाहिलं. ती नजर मी ओळखत होते. मुलाचं नाक बघून बापाचं नाक शोधायची ती नजर.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं बोरिवलीला उतरून कान्हेरीला गेलो. कारण सांगायला दगडाचा रंग बघायचा होता. आईने डब्यात घावणे दिले होते, ते अर्धे माकडांनी नेले. बाबांनी मामाला बरोबर त्या जागी उभं केलं. मामाला तोवर वाटत होतं की आपण बुद्धापेक्षा फार तर दीडदोन हात कमी असू. तो जेमतेम मूर्तीच्या गुडघ्याला आला. “भावजी, माका जरा बरो दाखवा,” तो म्हणाला. “आणि मिशी दिया.” बाबा वहीत रेघा मारत होते तेवढ्यात सहलीला आलेल्या एका शाळेच्या बाई मामाजवळ आल्या आणि पाणी कुठे मिळेल म्हणून विचारू लागल्या. मामाने त्यांना पाणी दाखवलं, चपला कुठे काढायच्या ते दाखवलं, आणि एका मुलाला भिंतीवर नाव कोरताना पकडून असं झापलं की मुलाने त्याला साहेब म्हटलं. परतीच्या बसमध्ये तो मला म्हणाला, “बाय गो, ह्या काम माका जमता.” दोन वर्षांत कुठल्याही कामाबद्दल त्याच्या तोंडून हे वाक्य आलं नव्हतं.

कान्हेरीचं चित्र पहिलं झालं. दगडावर संध्याकाळचा मधाचा रंग, आणि खाली मामा, मिशीसकट, डोळे उघडे, चेहऱ्यावर सरकारी गांभीर्य. बाबांनी हौसेने त्यावर लगेच वार्निशही मारलं. मग कार्ले झालं, तिथे मामा. मग सांची, तिथेही मामा, कारण चेहरा बाबा बघूनच काढत आणि घरात बघायला दुसरा रिकामा चेहरा नव्हता. बाबा शीळ घालू लागले. आई मुगाच्या डाळीची खिचडी बंद करून पुन्हा मासे आणू लागली. मामाने पेपर सोडला. दुपारभर खिडकीशी उजेडाकडे तोंड करून बसायचा आणि हलू नये म्हणून खाज आली तर आईला हाक मारायचा.

तेव्हा कमिटीचं पत्र आलं. गुरुजी महत्त्वाचं काही असलं की इंग्रजीत लिहीत. अक्षर असं की आमच्या सिस्टरांनी शाळेच्या फलकावर लावलं असतं. मी नेहमीसारखी खिडकीत उभी राहून वाचू लागले. मोजमाप, चौकट, तारीख. तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: मूळ छायाचित्रात काहीही घालू नये, त्यातून काहीही काढू नये, विशेषतः माणसं आहेत तशीच ठेवावीत.

मी वर पाहिलं. बाबा ब्रश तोंडात धरून ऐकत होते. मामा खिडकीशी बोधगयेत उभा होता. मी ते वाक्य सोडलं आणि पुढचं वाचलं: चित्रं वेळेवर मिळतील अशी आशा आहे. आजही मला कुणी 'तुम्ही कमी बोलता, किती छान' म्हटलं की ते वाक्य आठवतं. न बोलण्यानेही बरंच काही करता येतं.

त्यानंतर सहा चित्रांत आणखी सहा मामा झाले. प्रत्येक मामाबरोबर माझं जेवण थोडं कमी झालं. आईला वाटलं, परीक्षा आली.

गुरुजी चित्रं बघायला आले त्या सकाळी बाबांनी बाराच्या बारा भिंतीला टेकवून लावली होती. गुरुजींनी चष्मा पुसला आणि दाराकडून सुरुवात केली. कान्हेरीपुढे बराच वेळ उभे राहिले. “दगड सुंदर,” म्हणाले. बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. कार्ल्यापुढे चष्मा नीट केला. सांचीपुढे वाकले. मग परत कान्हेरीकडे गेले, तिथून पुन्हा सांचीकडे.

“हा माणूस,” ते म्हणाले, “कान्हेरीला आहे. कार्ल्यालाही हाच. सांचीलाही हाच.”

त्याच क्षणी स्वयंपाकघरातून मामा चहाचा ट्रे घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, मिशीला तेल. गुरुजींनी मामाकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं. मामाला काहीतरी बोलणं भाग वाटलं.

“फिरतीची नोकरी होती, गुरुजी.”

गुरुजी हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, “डिड यू रीड माय लेटर टू युवर फादर? एव्हरी लाइन?”

त्यांनी हे इंग्रजीत का विचारलं ते मला आता कळतं. बाबांसमोर मला वाचवायची जागा ठेवली होती त्यांनी. मी इंग्रजीत 'नो सर' म्हटलं असतं तर ते आमच्या दोघांत राहिलं असतं, आणि खोलीतल्या बाकी तिघांना मी काहीही सांगू शकले असते. भाषांतर माझ्याच हातात होतं. बाबा ब्रश पुसत उभे होते आणि नेहमीसारखे वाट बघत होते, मी काय ते मराठीत सांगेन म्हणून.

“बाबा, पत्रात एक वाक्य होतं,” मी म्हणाले. “ते मी वाचलं नाही. मुद्दाम नाही वाचलं.” आणि मी ते वाक्य पाठ म्हणून दाखवलं. महिनाभर ते माझ्या डोक्यात दुसरं काही राहू देत नव्हतं.

आईने ट्रे मामाच्या हातातून काढून घेतला. बाबा माझ्याकडे, प्रिंटवर डाग शोधावा तसे, थोडा वेळ बघत राहिले. “किती झाले होते तेव्हा?”

“तीन.”

“मग तेव्हाच सांगायचं ना गं. सहा तरी वाचले असते.” मग ते गुरुजींना म्हणाले, “पोरीची चूक आहे, पण वाक्य वाचलं असतं तरी मला जमलं नसतं बहुतेक. गुरुजी, त्याला चेहराच नाही हो.”

“नाही,” गुरुजी खाटेवर बसत म्हणाले. “तेव्हाच्या कॅमेऱ्याला वेळ लागायचा. लेणं हलत नाही, माणूस हलतो. साहेबाला लेण्याची उंची हवी होती, याचं नाव नको होतं, म्हणून त्याने हलू नको असंही नीट सांगितलं नसेल. आमची माणसं हॉलमध्ये येतील आणि मला विचारतील, गुरुजी, हा कोण? मी सांगणार, माहीत नाही, कुणी विचारलं नाही. ते 'माहीत नाही' मला भिंतीवर हवंय. तुम्ही त्या जागी मिशी दिलीत.”

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, आता गुरुजी गुंडाळी मागतील, आणि सोमवारपासून बाबा काउंटरवर पाकिटं देतील. बाबांनी टर्पेंटाइनची बाटली उचलली, कापूस घेतला, आणि कार्ल्यासमोर बसले. बसले आणि बसूनच राहिले. चेहरा द्यायची सवय असलेल्या हाताला पुसायची सुरुवात कुठून करतात ते माहीत नव्हतं.

“सरा, भावजी,” मामा म्हणाला. “माझा तोंड मीच पुसतंय.”

त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि मांडी घालून स्वतःला पुसायला सुरुवात केली. कापूस गोल फिरवायचा, दाबायचा नाही, हे त्याने महिनाभर बघितलं होतं. कार्ले झालं. सांचीजवळ थांबला. “हयसर नाक बरा इला होता,” म्हणाला आणि नाक सगळ्यांत शेवटी पुसलं. बोधगयेला म्हणाला, “हयसर मी जाड दिसतंय, ह्या गेला ता बरा.” आई पदरात हसत होती की काय ते मला कळेना. रंग निघाला की खालचा करडा डाग पुन्हा वर येई, तो मूळचा हललेला माणूस. आठ वेळा मामा गेला आणि आठ वेळा तो आला. गुरुजी कापसाचं पुडकं धरून बसले होते आणि मामाला लागेल तसा बोळा देत होते. सहाव्यानंतर त्यांनी मामाला त्याची गिरणी कुठली ते विचारलं. सातव्यानंतर संपाचं विचारलं. आठव्याला मामाने स्वतःहून सांगितलं की आता तिथे परत बोलावतील असं त्याला वाटत नाही. हे त्याने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

कान्हेरी उरलं. मामाने बोळा फिरवला, पण वार्निश या एकाच चित्रावर होतं आणि ते घट्ट बसलं होतं. बाबांनी हात लावून पाहिला. “जोर केला तर कागद फाटेल. मूर्तीसकट.”

गुरुजी उठून त्या चित्राजवळ गेले. “हे राहील,” म्हणाले. मग चष्मा घडी करत माझ्याकडे वळले. “तुला शिक्षा आहे. उद्घाटनाला बाराही चित्रांखालचा मजकूर तू मराठीत वाचायचास. माइकवर. एकही वाक्य न सोडता.”

बुद्धपौर्णिमेपर्यंतचे दिवस मी ताप येण्याची वाट बघत काढले. आला नाही. हॉल भरलेला होता. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्यांचा आणि खिरीचा वास. बाबा मागे भिंतीला टेकून, आपल्या रंगांवर कसला उजेड पडलाय ते बघत होते. मामा तिसऱ्या रांगेत, आईशेजारी. माझा पहिला शब्द माइकमध्ये गेलाच नाही. गुरुजींनी माइक वाकवून माझ्या तोंडासमोर आणला. मग मी वाचलं. अमुक स्तूप, अमुक दिशेने. समोरचा माणूस मापासाठी उभा केला आहे. नाव दिलेलं नाही. हे शेवटचं वाक्य गुरुजींनी घातलं होतं. पुढच्या चित्राखाली पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याखालीही. पाचव्या-सहाव्या वेळी हॉलमधली कुजबुज थांबली. बायका मान वर करून चित्रांमधला तो करडा डाग शोधत होत्या.

दाराजवळचं कान्हेरी शेवटी होतं. मी वाचलं, “समोरचा माणूस मापासाठी उभा केला आहे. नाव दिलेलं नाही.”

“नाव आसा,” मामा तिसऱ्या रांगेतून म्हणाला. “लिवन घे.”

हॉल हसला. आईने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी खिशाचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्या हातात दिलं. मग माइककडे वाकून म्हणाले, “पूर्ण नाव सांगा.”

मामा उभा राहिला. शर्टाचं वरचं बटण लावलं. दोन वर्षं ज्याचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू जायचा तो माणूस इतक्या हळू बोलला की पहिल्या रांगेतल्या लोकांना मागे वळावं लागलं.

“गणपत रामा परब.”

मी कागद भिंतीला टेकवला आणि लिहून घेतलं.